सहपत्र : टेबल एक

मी आयुष्यात खोटं फार कमी बोललो आहे, आणि जे बोललो ते खऱ्याच्या पोटातलंच होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं या हकिगतीत एक सरकारी टेबल ट्रकमध्ये बसून राजधानीला जाणार आहे आणि ते तिथं पोचेपर्यंत तुमच्यातले निम्मे लोक माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघायला लागतील. खुशाल बघा. आमच्या शेजारच्या हेडमास्तरांना विचारा. टेबलाचा मागचा डावा पाय त्यांनी धरला होता.

आमचं घर चढाच्या माथ्यावर. दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, चढाच्या पायथ्याशी. मधे दोनशे अठ्ठावीस पावलं. बरोबर मध्यावर, एकशे चौदाव्या पावलाला, फुटपाथवर एक बाक होता. हिरवा, लोखंडी पायांचा, चार बोल्टांनी जमिनीत घट्ट बसवलेला. पाठीची एक फळी गेलेली, त्यामुळं बसणारा माणूस आपोआप जरा मागं कलायचा आणि त्याला, इच्छा असो वा नसो, आभाळ दिसायचं. दादा रोज साडेचारला घरातून निघायचा, बाकावर अकरा मिनिटं बसायचा, दोन्ही गुडघे समजूत घातल्यासारखे चोळायचा आणि पाचच्या ठोक्याला आमच्या दारात हजर व्हायचा. मग बुद्धिबळाची एक चाल. एक त्याची, एक माझी. त्यावर चहा, की लगेच परत. हा एकच डाव चौथ्या वर्षात गेला होता. चाल सुचली नाही तर दादा नुसता चहा पिऊन उठायचा, आणि त्याला चाल सुचेपर्यंत कधीकधी ऋतू बदलायचा. पट बाहेरच्या खोलीत खिडकीशी मांडलेला. बायको रोज एकेक मोहरा उचलून पुसायची आणि जागच्या जागी ठेवायची. एकदा पुसताना तिनं माझा हत्ती चुकून एक घर पुढं ठेवला, तर तीन आठवडे माझी बाजू भक्कम होती. मी काही बोललो नाही. बायकोच्या कामात लुडबूड करू नये.

तर एके दिवशी हेडमास्तर वर्तमानपत्राची घडी काखेत मारून आले. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण अजून दारात आले की आपण उठून उभं राहावंसं वाटतं.

"वाचलंत? विधेयक क्रमांक दोनशे बारा. दोन मीटरपेक्षा अरुंद फुटपाथवर पक्की बसवलेली सगळी आसनं काढून टाकायची. सगळ्या राज्यात."

"आपला फुटपाथ किती आहे?"

"आत्ताच मोजून आलो. एक मीटर नव्वद."

दहा सेंटिमीटरनं माझा भाऊ माझ्यापासून तुटणार होता. मी खिडकीतून खाली बघितलं. दादा बाकावर कललेला, तोंड आभाळाकडं. त्याच्यानं बाकाशिवाय हा चढ चढवणार नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याच्या गुडघ्यांनीही सांगितलं होतं.

बातमी तासाभरात गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "दुखणं वाढायच्या आत उपटून काढा. बाक आजच घरात आणून ठेवा." समोरचा शिंपी तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाला, "चाकं लावा त्याला. पक्का बसवलेलाच राहत नाही मग. कायदा हात चोळत बसेल." आम्ही सगळे त्याला हसलो. शिंपी आहे, अंगाला बसेल तेवढंच बोलायचा.

बायको आतून म्हणाली, "अहो, त्यापेक्षा तुम्हीच खाली जात जा की भाऊजींकडं."

"आणि पट?" मी म्हणालो. "पट हलवला तर मोहरे हलतात."

ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला नेहमीच पटल्यासारखं वाटत आलं आहे. पन्नास वर्षांत खात्री करून घ्यायचं धाडस झालं नाही.

शेवटी हेडमास्तरांनी मार्ग काढला. "राज्य कायदा करणार असेल तर त्यावर शहराला आपली भूमिका घेता येते. पाठिंबा किंवा विरोध. तसं पत्र राजधानीला जातं. तुम्ही शहराला विरोध करायला लावा."

शहराला काहीतरी करायला लावायचं, हे माझ्यासारख्या माणसाला फारच मोहात पाडणारं होतं. घरात मी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या शेवटी, एक खोली आहे. दारावर पाटी : भूमिका कक्ष. आत एक टेबल, एक खुर्ची, एक कपाट आणि एक कारकून. राज्यात जेवढी विधेयकं येतील, तेवढ्यांवर शहराचं मत तयार करणं हे त्याचं काम. चाळिशीतला, डोक्यावर केसांपेक्षा तेज जास्त, तरी मला आल्याआल्या म्हणाला, "बसा आजोबा." मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण लिफ्ट बंद होती आणि दम लागला होता.

मी म्हणणं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि खणातून एक निळी पुस्तिका काढली.

"शहराला वाटलं म्हणून विरोध करता येत नाही, आजोबा. विरोधाला तत्त्व लागतं. ही शहराची मंजूर तत्त्वं. तत्त्व चौदा : फुटपाथ चालणाऱ्यांसाठी मोकळे असावेत. म्हणजे पाठिंबा."

"आणि म्हाताऱ्यांनी बसायचं कुठं?"

"तत्त्व एकतीस : ज्येष्ठांना जागोजागी विसाव्याची सोय असावी. म्हणजे विरोध."

"मग शहराचं नक्की मत काय?"

"दोन्ही तत्त्वं लागू झाली की, लक्ष ठेवणे."

त्यानं टेबलावरचे चार शिक्के दाखवले. 'पाठिंबा', 'विरोध', 'लक्ष ठेवून' आणि चौथा, लाटण्याएवढा लांब : 'दुरुस्ती झाल्यास पाठिंबा'. शेवटचा त्याच्या आधीच्या साहेबांनी करवून घेतला होता आणि अर्जावरच्या चौकटीपेक्षा तो चार बोटं लांब होता. टेबलाच्या उजव्या कडेला जांभळ्या शाईत 'पाठिंबा, पाठिंबा, पाठिंबा' अशी ओळ उमटलेली मला दिसली. मला वाटलं नक्षी असेल. सरकारी टेबलाला नक्षी असू नये असा काही नियम नाही.

"लक्ष ठेवून म्हणजे शहर काय करतं?"

"लक्ष ठेवतं."

"कुठून?"

"या खोलीतून." त्यानं कपाट उघडलं. आत विधेयकांचे गठ्ठे. "हे सगळं लक्ष ठेवलेलं. यातल्या काहींवर एकोणीस वर्षं लक्ष आहे. मांडणारे गेले. आमचं लक्ष आहे."

मी एवढा गंभीर झालो की जिना उतरताना कठडा धरायचं विसरलो.

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. कधी अर्जाची प्रत कमी पडायची, कधी प्रतीचा अर्ज. कारकून माणूस वाईट नव्हता. सातव्या खेपेला त्यानं मला पाणी दिलं, अकराव्या खेपेला सांगितलं की समितीपुढं नागरिकाला दोन मिनिटं बोलता येतं, आणि समितीचं मन वळलं तर तत्त्व चौदा मागं आणि एकतीस पुढं घेता येतं. पंधराव्या खेपेला माझा नंबर लागला.

भाषण हेडमास्तरांनी लिहून दिलं. समिती तिघांची. अध्यक्ष आमच्या भागाच्या नगरसेविकाबाई, उजवीकडं एक बेकरीवाले सदस्य, डावीकडं एक झोपलेले सदस्य. कारकुनाच्या हातात घंटी. मी कागद उघडला आणि वाचायला लागलो : "माननीय अध्यक्षा, सन्माननीय समिती सदस्य, आदरणीय अधिकारीवर्ग, सुजाण नागरिक बंधुभगिनींनो, आसन ही मानवी संस्कृतीची..." घंटी वाजली. हेडमास्तरांनी दोन मिनिटांत दोन मिनिटांची प्रस्तावनाच बसवली होती.

खोलीत माणसं बरीच होती. मी कागदाची घडी केली, चष्मा काढला आणि तोंडून एवढंच निघालं, "माझा भाऊ तिथं बसतो."

"किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"अकरा मिनिटं. मग तो माझ्याकडं येतो."

बेकरीवाले आपल्या हातांकडं बघत राहिले. झोपलेल्या सदस्यांनी एक डोळा उघडला, "विरोध" म्हणाले आणि तो परत मिटला.

एकमतानं विरोध झाला. पुढच्या सभेत अख्ख्या महापालिकेनं बाकं बडवली. ज्या बाकांवर ते बसले होते ती दोन मीटरच्या हिशोबात येत नव्हती. महापौरांच्या सहीचं पत्र राजधानीला गेलं. नगरसेविकाबाईंनी आमच्या बाकावर बसून फोटो काढून घेतला. तो चांगला यावा म्हणून दादाला अकरा मिनिटं उभं राहावं लागलं.

मी दादाला सगळं रंगवून सांगितलं. त्यानं चहाचा घोट घेतला. "तुझा वजीर उघडा पडलाय," म्हणाला.

महिना गेला असेल नसेल, कारकुनाचा निरोप आला. गेलो तर तो टेबलावर कोपरं टेकून बसलेला. मला बघून "आजोबा" म्हणायचंही विसरला.

"विधेयक बदललं. त्यांनी दुरुस्ती केली. आता ज्या शहरांचा लेखी पाठिंबा असेल, त्यांना जुने बाक ठेवायची मुभा आहे. बाकीच्यांचे काढायचे."

"मग चांगलंच झालं की!"

"आपला विरोध आहे."

"तो आधीच्याला होता."

"विरोध क्रमांकाला असतो, आजोबा. मजकुराला नसतो. क्रमांक तोच आहे. दोनशे बारा."

म्हणजे बाक वाचवणाऱ्या कायद्याला राज्यात सगळ्यात मोठ्यानं विरोध करणारं शहर आमचं, आणि ते तसं मी करून ठेवलं होतं. अशा वेळी मनुष्यानं जमीन दुभंगायची वाट बघावी असं म्हणतात. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो.

नगरसेविकाबाई ऐकेनात. "काका, माझा फोटो छापून आलाय. विरोध म्हणून. आता उद्या पाठिंबा म्हणू? लोक म्हणतील बाईला बसायलाही येत नाही आणि उठायलाही." आठ दिवस मी त्यांच्या दारात. शेवटी पुन्हा हेडमास्तरच धावून आले. त्यांनी ठरावाचं वाक्य तयार केलं : जुन्या दोनशे बाराला असलेला विरोध अभिमानानं कायम ठेवून, दुरुस्ती झालेल्या दोनशे बाराला पाठिंबा. बाईंना 'अभिमानानं' आवडलं. ठराव झाला. बाई एवढ्या खूश झाल्या की म्हणाल्या, "आता त्या बाकाला नवी फळी आणि नवा रंग माझ्यातर्फे!"

मुदत शुक्रवारची. गुरुवारी कारकुनानं लांब शिक्का उचलला. त्याला शाई पाजली. अर्ज नीट ठेवला. आम्ही सगळे श्वास धरून उभे. त्यानं दोन्ही हातांनी शिक्का दाबला आणि पत्र त्याच दिवशी राजधानीला रवाना झालं.

सोमवारी उत्तर आलं. 'आपल्या शहराचा अभिप्राय "दुरुस्ती झाल्यास" एवढाच प्राप्त झाला आहे. दुरुस्ती झाल्यास काय, हे कळत नाही. उर्वरित अभिप्राय तत्काळ पाठवावा.'

मी टेबलाच्या उजव्या कडेकडं बघितलं. ओळीच्या शेवटी, ताजा, जांभळा, ठसठशीत : पाठिंबा. एकोणीस वर्षं शहराच्या भूमिकेचा अर्धा भाग राजधानीला जात होता आणि अर्धा या टेबलावर राहत होता. आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण आजवर कुणी वाचलं नव्हतं.

"परत मारा शिक्का," मी म्हणालो.

"परत मारला तर नवी भूमिका होते. नव्या तारखेची. मुदत गेली." कारकून पांढराफटक पडला होता. "गुरुवारचा पाठिंबा हवा. आणि गुरुवारचा पाठिंबा इथं आहे." त्यानं टेबलावर हात ठेवला.

"फोटो पाठवा," हेडमास्तर म्हणाले.

"मूळ लागतं. नक्कल चालत नाही."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मग तिघांनी टेबलाकडं बघितलं.

आता जे सांगतो ते झालं. उद्यान खात्याचा एक ट्रक रोपं घेऊन राजधानीला निघाला होता. टेबल सागवानी, शिसवी, का शापित, देव जाणे; पण तीन मजले उतरवायला चार जण कमीच पडले. पुढचे दोन पाय मी आणि शिंपी, मागचा डावा हेडमास्तर, उजवा कारकून. दुसऱ्या मजल्यावर हेडमास्तरांची पाठ धरली आणि ते त्याच अवस्थेत, वाकून, आम्हाला शुद्धलेखनासारख्या सूचना देत राहिले. शिंपी म्हणाला, "बाकाला चाकं लावा म्हटलं तर हसलात. निदान याला तरी लावायची होती." ट्रकमध्ये गुलाबाच्या कुंड्यांमधे टेबल ठेवलं. कारकुनानं आमच्या शिक्क्याभोवती खडूनं गोल काढला आणि पत्राच्या तळाला लिहिलं : सहपत्र : टेबल एक. पत्र खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तेव्हा खणाची किल्ली त्याच्याच हातात होती.

राजधानीत कुलूप फोडलं गेलं. पण प्रवासात ताडपत्री घासून खडूचा गोल पुसला होता, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी जबाबदारीनं विचार करून टेबलावरचे सगळेच तेवीस पाठिंबे नोंदवून घेतले. त्यातला एक आमचं शहर रद्द करून शेजारच्या शहरात मिळवण्याच्या जुन्या विधेयकाला होता. त्यालाही आमचा पाठिंबा लागला. पण दोनशे बाराला लागला, हे महत्त्वाचं. मी घरी पेढा नाही पण निदान साखर वाटावी म्हणून स्वयंपाकघरात गेलो. बायको म्हणाली, "आधी खिडकीतून बघा."

बघितलं. साडेचार वाजून गेले होते. दादा एकशे चौदाव्या पावलाला उभा होता. बाक नव्हता. चार बोल्टांची चार भोकं होती. नगरसेविकाबाईंची माणसं सकाळी तो रंगवायला उचलून घेऊन गेली होती. दादानं दिव्याचा खांब धरला. थोडा वेळ धरून राहिला. वर, आमच्या खिडकीकडं बघितलं. आभाळाकडं नाही. मग वळला आणि एकेक पाऊल टाकत खाली गेला. चार वर्षांत पहिल्यांदा तो चहालासुद्धा आला नाही.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे," मी बायकोला म्हणालो. "रंग वाळला की झालं."

दोन दिवसांत रंग वाळला. त्याच दोन दिवसांत विधानसभेचं अधिवेशन संपलं आणि दोनशे बारा मतदानाविनाच बारगळलं. ना पाठिंबा लागला ना विरोध. मी धावत महापालिकेत गेलो, म्हणजे माझ्या वयाला शोभेल तेवढं धावत. "कायदा झालाच नाही ना? मग बाक लावा परत."

"जुना बाक असता तर राहिला असता," कारकून म्हणाला. "पण काढलेला बाक लावला की तो नवा होतो. आणि नवा बाक दोन मीटरच्या आत लावायला महापालिकेची मनाई आहे. आपलाच नियम आहे. जुना."

"आणि बाक आहे कुठं?"

त्यानं मान खाली घातली. तो बाकावरच बसला होता. पुढं खुर्चीवर कागद ठेवून लिहीत होता. बारगळलेल्या विधेयकाची कागदपत्रं राजधानीत कायमची जपून ठेवतात. त्याचं टेबल आता तिथं कागदपत्र झालं होतं. खोलीत काहीतरी हवं म्हणून भांडारातून त्याला हा बाक मिळाला होता. नवी फळी, नवा हिरवा रंग. आता त्यावर बसणाऱ्याला आभाळ दिसत नव्हतं. कपाट दिसत होतं.

घरी आलो. चपला न काढताच बाहेरच्या खोलीत उभा राहिलो. पट मांडलेला. दादाची चाल. तीन दिवस दादाची चाल.

बायकोनं माळ्यावरून दोन घडीच्या खुर्च्या आणि एक स्टूल काढून दाराशी ठेवलं होतं. कधी काढलं कोण जाणे. थर्मासही होता.

पट दोन्ही हातांनी आडवा धरून मी चढ उतरायला लागलो. खुर्च्या शिंप्यानं घेतल्या, स्टूल दातांच्या डॉक्टरांनी. हेडमास्तर पाठीला पट्टा बांधून पुढं चालत होते आणि लोकांना बाजूला व्हायला सांगत होते. एकशे चौदा पावलं. एक मोहरा हलला नाही. मग ते तिघं वर गेले आणि मी खालच्या वळणाकडं डोळे लावून बसलो. साडेचार झाले. पावणेपाच झाले. तो आजही घरातून निघाला नसेल तर उरलेली एकशे चौदाही उतरायची, असं मी ठरवलं आणि उठलो, तेवढ्यात दादा वळणावर दिसला. खांब धरायला हात पुढं करतच तो आला, आणि खुर्ची बघून थांबला.

बसला. गुडघे चोळले. मी चहा ओतला.

"महापालिकेत किती खेपा झाल्या तुझ्या?" त्यानं विचारलं.

"एक्केचाळीस."

"तिथं जिने किती?"

"तीन."

"हं." त्यानं मागं वळून चढाच्या माथ्याकडं बघितलं, आमच्या खिडकीपर्यंत. मग माझ्याकडं. "इथं यायला तुला किती वेळ लागला?"

मी पटाकडं बघत राहिलो. सांगायला चार मिनिटं होती, आणि सांगायला चार वर्षं होती. दादानंही उत्तराची वाट बघितली नाही. थोरल्या माणसांना एवढं कळतं. तो आपला घोडा निरखत बसला.

आता आम्ही रोज तिथंच असतो. शिंप्याला विचारलं तर तो खुर्च्यांचं श्रेय घेतो, आणि ते त्याचं आहे; पक्कं न बसवायची कल्पना मूळची त्याचीच. एके दिवशी कारकून कामावरून घरी जाताना तो चढ चढत आला. आम्हाला बघून थबकला. फुटपाथ एक मीटर नव्वद.

"पक्क्या बसवलेल्या आहेत का या?" त्यानं खुर्चीच्या पायाकडं बोट दाखवलं.

"घडीच्या आहेत."

त्यानं बराच वेळ विचार केला. मनातल्या मनात तत्त्व चौदा आणि तत्त्व एकतीस चाळली असावीत. मग पिशवी खाली ठेवून दिव्याच्या खांबाला टेकला, घाम पुसला आणि पटावर वाकला. दादाचं बोट वजिरावरून उंटावर, उंटावरून घोड्यावर फिरत होतं. कारकुनाला राहवेना. त्यानं तोंड उघडलं.

"साहेब," दादा मान वर न करता म्हणाला, "इथं तुम्ही भूमिका घ्यायची नाही. फक्त लक्ष ठेवायचं."

एकोणीस वर्षांचा सराव होता त्याला. तो गप्प उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दादानं माझा वजीर मारला.